धरलेलं की चिकटलेलं

सकाळी चहा घेताना धाकटी म्हणाली, "मागच्या गल्लीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर रिकामं झालंय," आणि पावाला लोणी लावत राहिली. मी "हं" म्हटलं. बहिणीबहिणींच्या "हं"ला शंभर अर्थ असतात आणि ते दोघींनाही पाठ असतात, पण हा "हं" त्यातला नव्हता, तो नुसताच तोंडातून सांडला. धाकटीनं लोणी अगदी कडेपर्यंत नेलं, कोपऱ्याकोपऱ्यात, सुरीच्या टोकानं, जशी ती मेण लावते तशी. धाकटी कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर मापं पाठवतात, ती प्लास्टरचे साचे ओतते, त्यांवर गुलाबी मेणाची हिरडी चढवते आणि तीत एकेक दात बसवत जाते. आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग दहा-अकरा वर्षं परक्या माणसांच्या दातांनी भरलेला आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर आम्ही जेवतो. त्या सकाळी तिथे एक खालचा जबडा आणि दोन वरचे होते, आणि तिघंही माझ्याकडे बघून दात काढतायत असं मला वाटलं. मी पिशवी उचलली, "येते" म्हटलं आणि निघाले.

दोन जिने उतरल्यावर ते वाक्य मला लागलं. ठेच कशी आधी नुसती कळते आणि मग दुखते, तसं. घर रिकामं झालंय म्हणजे काय? घरं रिकामी होतच असतात. आमच्या भागात दर महिन्याला कुणी ना कुणी गाद्या आणि कपाटं जिन्यातून उतरवत असतं, भिंतींचे पोपडे काढत असतं. त्याची बातमी धाकटी मला कधी देत नाही. ती देते त्या बातम्या म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा केस रंगवले, पाणी उद्या येणार नाही, तुझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग हीच बातमी का? आणि दुसरा मजला हे तिला कसं ठाऊक? गल्लीतून जाताना माणूस मान वर करून मजले मोजत नाही. मोजायचं मनात असेल तरच मोजतो. फुटपाथवर माझ्यापुढे एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता, तो वळला की शिडीचं मागचं टोक सगळ्या रस्त्यावरून फिरायचं आणि लोक हसत हसत वाकायचे. मीही वाकले. हसलेही बहुतेक. माझं असंच आहे, आत काही चालू असलं तरी तोंड आपल्या सवयीनं हसत राहतं.

धाकटी आली ती आठ दिवसांसाठी. नवऱ्याशी तिचं भांडण नव्हतं, तंटा नव्हता, त्या माणसाबद्दल आजही मला वाईट बोलता येत नाही. त्यांचं बोलणंच संपलं होतं. एका घरात दोन माणसं एकमेकांना मीठ द्यायला सांगतात आणि त्यापुढे काही नाही, असं ती म्हणाली होती. एका चाकाची मोडकी बॅग आणि दातांचा एक खोका घेऊन ती दारात उभी राहिली, आणि मी कपाटाचा अर्धा भाग रिकामा केला. आठ दिवसांचा विषय नवव्या दिवशी कुणी काढला नाही. मग तो काढणं अवघड होऊन बसलं, आणि मग तो विषयच उरला नाही. मी सुखी होते, हे सांगायला लाज कसली. मी एकटी राहायचे तेव्हाही दुःखी नव्हते, पण एकटीच्या सुखात एक प्रकारची शिस्त असते, ते नीट घडी घालून ठेवावं लागतं. धाकटी आल्यावर ते घरभर पसरलं. न्हाणीघरातलं तिचं बेसूर गुणगुणणं, वितळत्या मेणाचा किंचित गोड वास, दात घासायच्या बारीक यंत्राची संध्याकाळची किरकिर. खिडकी उघडी हवी की बंद यावरून आम्ही इतकी वर्षं भांडतोय आणि निकाल लागू नये अशी दोघींचीही इच्छा आहे. पण "तुला जायचं असेल तर जा हं" हे मी तिला एकदाही म्हटलं नाही. कारण हे वाक्य मोठ्यानं म्हटलं की त्यातला "असेल तर" गळून पडतो आणि ऐकणाऱ्याला नुसतं "जा" ऐकू येतं.

माझी कामाची खोली तळघरात आहे, दोन दारांच्या आत, कारण वरच्या रस्त्यावरून एखादी अवजड गाडी गेली तरी आमचं काम बिघडतं. टेबल हवेवर तोललेलं असतं. त्या खोलीत मोठ्यानं शिंकायचं नाही, धाडकन बसायचं नाही. आम्ही दोघं तिथे काम करतो, मी आणि प्रकाशवाला. प्रकाशवाला म्हणजे माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, पँटचा पट्टा सतत वर ओढणारा भौतिकशास्त्रज्ञ. त्याला मी प्रकाशवाला म्हणते आणि तो मला प्रथिनवाली म्हणतो, आणि खरी नावं पगाराच्या दिवशीच आठवतात. त्यानं बनवलेली चिप माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे. तिच्यात केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका अरुंद एक मार्ग कोरलेला आहे, त्यातून लेझरचा प्रकाश धावतो. मधोमध त्या मार्गाला एक फट ठेवली आहे, आणि त्या फटीत प्रकाश दाटतो, गर्दी करतो, थोडासा बाहेरही सांडतो. वरून मी माझं पाणी सोडते. त्या पाण्यात प्रथिनाचे रेणू असतात, शरीरातलं लोह साठवून ठेवणारं प्रथिन. रेणू म्हणजे इतकी लहान चीज की पाणीच तिला स्वस्थ बसू देत नाही, चहूबाजूंनी धक्के मारत असतं. असा धक्के खात भटकणारा एखादा रेणू फटीजवळ आला की दाट प्रकाश त्याला आत ओढून घेतो आणि धरून ठेवतो. चिमटा नाही, गोंद नाही, नुसता उजेड. पंधरा वर्षं हे काम करून मला अजून त्याचं नवल वाटतं, आणि ते वाटणं थांबेल त्या दिवशी मी दुसरं काहीतरी करीन.

रेणू दिसत मात्र नाही. आम्हाला पडद्यावर एक रेघ दिसते, चिपमधून पलीकडे किती प्रकाश पोचला त्याची. फट रिकामी असली की रेघ खाली असते. रेणू आत बसला की ती एकदम वर चढते, त्याला आम्ही पायरी म्हणतो. गंमत अशी की आत बसलेला रेणू प्रकाशाची वाट सोपी करून देतो, म्हणून फटीतला प्रकाश आणखी दाटतो, म्हणून रेणू आणखी घट्ट धरला जातो. म्हणजे स्वतःला धरून ठेवायला तो स्वतःच हातभार लावतो. प्रकाशवाला हे समजावून सांगतो तेव्हा पाहुण्यांना त्याच्या डोळ्यांत पाणी दिसतं. त्याला जुनी सर्दी आहे, पण पाहुण्यांना ते कोण सांगणार.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा प्रकाशवाल्यानं पाणी आधीच सोडलं होतं आणि पायरी चढलेली होती. अशी पायरी आम्ही पाहिली नव्हती. एरवी रेणू येतो, थोडा वेळ थरथरत राहतो, निसटतो. हा बसला तो बसलाच. मी कोट चढवला, हातमोजे घातले, बसले, रेघ वरच. जेवायची वेळ झाली, आम्ही आळीपाळीनं वर जाऊन खाऊन आलो, रेघ वरच. प्रकाशवाला मला न सांगता खुर्चीत थोडा पुढे सरकून बसला होता, लहान मूल झोपलेलं असताना बसतात तसा. त्यानं हळूच सांगितलं की एवढा वेळ धरून ठेवलेला रेणू जगात कुणाकडे नसेल. मी म्हटलं, धरलेला असला तर. त्याचा चेहरा पडला, कारण मला काय म्हणायचं होतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

मागच्या वर्षी असंच झालं होतं. पायरी दिवसभर टिकली, आम्ही त्या रेणूचं नाव स्थितप्रज्ञ ठेवलं, वरच्या मजल्यावरून लोक बघायला आले, केक आणून कापला. रेघेकडे बघत केक खाताना सगळ्यांना फार बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रकाश बंद करून पाहिला, पुन्हा लावला, तर रेघ वरच. पुन्हा बंद केला, पुन्हा लावला, वरच. स्थितप्रज्ञाला कुणी धरलेलंच नव्हतं. तो फटीच्या भिंतीला चिकटून बसला होता, एखादा डाग बसावा तसा, आणि प्रकाश असला काय नि नसला काय, त्याला सोयरसुतक नव्हतं. ती चिप टाकून द्यावी लागली. तेव्हापासून आमचा नियम झाला. कितीही चांगला पकडला गेलेला रेणू असो, दिवा घालवून पाहायचा. गेला तर तो खरोखर धरलेला होता. राहिला तर नुसता चिकटलेला. आणि दुसरा नियम असा की ज्यानं सापळा बनवला त्यानं दिवा घालवायचा नाही, कारण त्याचा हात होत नाही, उगाच उद्यावर ढकलतो. दिवा मी घालवायचा.

मी बटणावर बोट ठेवून बसले आणि माझा हात होईना. आजवर असं कधी झालं नव्हतं. मला धाकटीची सुरी दिसत होती, पावाच्या कडेला पोचलेली. इतकी वर्षं आमच्या घरातली रेघ वर आहे, शांत आहे, आणि त्या रेघेकडे बघत मी रोज केक खाल्ल्यासारखी जगले आहे. पण धाकटी राहिली ती कशी राहिली? तिला इथे ओढ होती म्हणून, की एकदा बसली आणि मग उठवणारं कुणी नव्हतं म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आमच्या रेघेलासुद्धा फरक कळत नाही. आणि मी? मी तरी तिच्यावर माया केली की तिची सवय लावून घेतली? दिवा घालवायचा तर दुसरी एक अडचण आहे, त्या अडचणीकडे मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं. आमच्याकडे धरणारा प्रकाश आणि बघणारा प्रकाश एकच आहे. सोडलं की दिसणंही बंद होतं. दिवा घालवला की रेघ शून्यावर पडते आणि आत रेणू आहे की नाही, त्याचा काही पत्ता नाही. पुन्हा दिवा लावेपर्यंत नुसतं बसून राहायचं. रेणूला निदान राग तरी येत नाही. बहिणीला सोडून पाहायचं म्हटलं तर ती म्हणणार, ताईला मी जड झाले.

प्रकाशवाला म्हणाला, "घालवा आता. माझा जीव वरखाली होतोय." आणि नेहमीसारखा कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन, पाठ करून हात धुवायला लागला. त्याला बघवत नाही. मी बटण दाबलं. रेघ पडली. खोलीत नळाच्या पाण्याचा आवाज तेवढा होता. त्या मधल्या वेळात मला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण तिच्या खाली दुसरं काहीतरी होतं, हलकं, जवळजवळ खोडकर. वाटलं, जा बाबा. जायचं तर जा. तुला धरून ठेवल्याचा मला आनंद झाला, पण तू गेलास तरच तो आनंद खरा होता हे मला कळेल. मी पुन्हा बटण दाबलं. रेघ आली ती खालीच आली. सपाट. फट रिकामी होती.

"गेला," मी म्हटलं, आणि प्रकाशवाला ओल्या हातांनीच टाळ्या वाजवत वळला. जगात अशा खोल्या किती असतील, जिथे हातातलं निसटलं म्हणून दोन पिकल्या केसांची माणसं टाळ्या वाजवतात. तो तीनदा "धरलेला होता, धरलेला होता" म्हणाला आणि पट्टा वर ओढून मला मिठी मारावी की नाही या विचारात पडला, शेवटी त्यानं टेबलालाच थोपटलं. आम्ही दिवा तसाच लावून ठेवला. थोड्या वेळानं रेघ पुन्हा चढली. तोच रेणू परत आला की दुसरा कुणी, हे सांगायला काही मार्ग नाही, तरी प्रकाशवाल्याचं म्हणणं तोच. मी वाद घातला नाही.

घरी आले तेव्हा उजेड होता. धाकटी टेबलाशी बसून मेण तापवत होती, छोट्या निळ्या ज्योतीवर सुरीचं पातं धरून. मी कोट काढला, हात धुतले, चहा ठेवला, बिस्किटांचा डबा उघडून मिटला. शेवटी तिच्याकडे पाठ असतानाच म्हटलं, "ते मागच्या गल्लीतलं घर तू बघून ये."

ज्योत बंद केल्याचा टक असा आवाज झाला. "म्हणजे मी जाऊ?"

जे व्हायला नको होतं तेच झालं. "असेल तर" कुठेतरी गळून पडला. मी वळले आणि बोलायला लागले आणि जे बोलले ते सगळं उलटंपालटं, आधी केक, मग स्थितप्रज्ञ, मग बेसिनशी हात धुणारा प्रकाशवाला, मग फट आणि पायरी. धाकटी सुरी हातात धरून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं की या गोष्टीत ती नक्की कोण, आणि मी म्हटलं तू तो रेणू, आणि ती हसायलाच लागली. इतकी हसली की तिला सुरी खाली ठेवावी लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते मनगटानं पुसले, कारण बोटांना मेण होतं.

"अगं, मला वाटत होतं तो रेणू तू आहेस," ती म्हणाली. "तुला ती मोठी नोकरी आली होती ना, तिकडे, समुद्रापलीकडे. तू नाही म्हणालीस. मी नुकतीच आले होते तेव्हा. इतकी वर्षं माझ्या मनात तेच आहे, की मी इथे येऊन पडले म्हणून ताई अडकली. घर मी कालच बघून आलेय. म्हटलं मी गेले तर तू तरी मोकळी होशील."

मी खुर्ची ओढून बसले. ती नोकरी मला चांगली आठवत होती. एक गोरागोमटा साहेब मला काचेच्या इमारतीत फिरवत होता, तिथे माझ्या हाताखाली चाळीस माणसं असणार होती आणि माझा स्वतःचा हात कशालाही लागणार नव्हता. परतीच्या प्रवासात मला माझ्या तळघराची इतकी आठवण आली की भूक लागल्यासारखं झालं. मी नाही म्हटलं ते रेघेसाठी, हवेवर तोललेल्या टेबलासाठी, पट्टा ओढणाऱ्या त्या माणसाच्या सर्दीसाठी. धाकटीसाठी नाही. हे मी तिला सांगितलं. हे ऐकून तिला वाईट वाटेल अशी मला शंका होती, पण ती खुर्चीत मागे टेकली आणि तिनं असा लांब श्वास सोडला की समोरच्या प्लास्टरची भुकटी उडाली. म्हणजे इतकी वर्षं एका छपराखाली आम्ही दोघी एकमेकींना अडकवून ठेवल्याबद्दल मनातल्या मनात माफी मागत राहिलो होतो, आणि वर खिडकीवरून भांडत होतो. मग घर नकोच का, मी विचारलं. धाकटीनं जरा विचार केला. तिथे उत्तरेकडून उजेड येतो, ती म्हणाली, दातांचा रंग जुळवायला उत्तरेचा उजेड लागतो. आणि मला एकदा एकटीनं राहून बघायचंय, ताई, मी आईकडून त्याच्याकडे गेले आणि त्याच्याकडून तुझ्याकडे आले. तेव्हा मी जे काही पोटात होतं ते पोटातच ठेवलं आणि म्हटलं, घे.

तिनं घेतलं. प्रकाशवाला त्याची गाडी घेऊन आला आणि जबड्यांचे खोके त्यानं धाकटीला मांडीवर धरून बसायला लावलं, कारण मागे ठेवले तर हादरे बसतील असं त्याचं मत. संध्याकाळी मी टेबल पुसलं. लाकडावर मेणाचे डाग आणि ज्योतीचे काळे ठिपके होते, पण एवढं मोठं टेबल आपल्या घरात आहे याचा मला पत्ताच नव्हता. मी एका टोकाला बसून जेवले, मग उठून ताट दुसऱ्या टोकाला नेलं, तिथूनही तसंच वाटलं. खिडकी मला हवी तशी बंद होती. थोड्या वेळानं मी ती उघडली.

तिचं घर आमच्या घरातून दिसत नाही. मधे दोन इमारती आहेत आणि तिची खिडकी पलीकडच्या बाजूला, तिच्या लाडक्या उत्तरेला. फोन करता आला असता. वाटेत सहज म्हणून डोकावता आलं असतं. सामान लागलं का, पाणी येतं का, निमित्तांना तोटा नव्हता, आणि मी एकेक निमित्त हातात घेऊन परत ठेवून दिलं. मीच जाऊन तिचं दार वाजवलं असतं तर मला काय कळणार होतं? तिनं उघडलं असतं, चहा केला असता. ती तशीच आहे. कामावर प्रकाशवाला माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा आणि एकदा त्यानं माझ्यासमोर बिस्किटांचा पुडा ठेवला, त्याच्या हातून सुटणारी ही सगळ्यात मोठी माया. मी दिवसभर दिवे घालवत होते, लावत होते, रेणू जात होते, येत होते. मन मात्र शून्यावर पडलेल्या रेघेसारखं गप्प होतं. तरी मी दुःखी होते असं म्हणता येणार नाही. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, ती आत्ता काय करत असेल ते मला माहीत नाही, आणि पहिल्यांदा वाटणाऱ्या या गोष्टीत भीतीइतकाच तिच्याबद्दलचा आदरही होता. ती लहान असल्यापासून मला ती कुठे आहे हे नेहमी माहीत होतं.

मग एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते आणि दाराची घंटा वाजली. आमच्याकडे फारसं कुणी येत नाही, म्हटलं पाण्याच्या टाकीचं काही असेल. हात पुसत जाऊन दार उघडलं. धाकटी उभी होती. केस नीट विंचरलेले, बाहेर जायचा निळा सदरा, हातात कागदात गुंडाळलेली सहा पिवळी फुलं, जी आम्ही दोघींनी स्वतःच्या घरात कधी आणली नव्हती.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे?" मी म्हटलं.

"आहे की," ती म्हणाली, आणि दारातच थांबली, मी आत बोलवीपर्यंत.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकटी माझ्याकडे आली होती.